तिकीट काढून वावरात
(द्वितीय वर्ष, कला)

शहरातील माणसे पैसे मोजून शेत पाहायला जातात, ही गोष्ट आमच्या नरडाण्यात आजही अनेकांना थट्टेची वाटते. “पैसा देईसन कोनी वावरमा जास का?” असे आमच्या आजीने विचारले होते. तिचा प्रश्न रास्त आहे. तिचे उभे आयुष्य वावरात जाण्याचे पैसे घेण्यात गेले, आणि तेही दिवस मावळल्यावर. ‘सहल’ हा शब्द आमच्या घरात प्रथम मी आणला, शाळेत भरायची वर्गणी मागताना.

आजीच्या प्रश्नाला निमित्त झाले गंगाफळाचे. गावातील एक कुटुंब अमेरिकेत असते. त्यांची ऑक्टोबरातली छायाचित्रे मोबाईलवरून गल्लीभर फिरली. आई, बाप, दोन मुले आणि पाठीमागे नजर पोहोचेल तिथवर नारिंगी गंगाफळे! तिकडे शरद ऋतूत सहकुटुंब अशा शेतावर जायचे, पैसे भरायचे, पेंढा पसरलेल्या गाडीतून चक्कर मारायची आणि आवडेल ते फळ घरी आणायचे, अशी रीत आहे. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी ते कोरून आत दिवा लावतात. एवढे मोठे फळ कोरायचे आणि खायचे नाही, हे ऐकून आमच्या शेजारणी हळहळल्या. आमच्याकडे लग्नाच्या वा भंडाऱ्याच्या पंगतीला गंगाफळाची भाजी कढयांनी लागते. शिवाय आख्ख्या फळावर पहिला घाव बाईने घालू नये, असाही दंडक आहे. वेल लावायचा बाईने, पाणी घालायचे बाईने, फोडायला मात्र बाप्या शोधायचा! असो, तो वेगळा विषय.

अशा सहली आपल्याकडेही आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले. आणि खानदेशात भरीत पार्टी तर कोणत्याही धोरणाची वाट पाहत थांबली नव्हती. चातुर्मासापासून वर्ज्य असलेली वांगी चंपाषष्ठीला ताटात आली, की थंडीभर शेतोशेती जाळ दिसू लागतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजतात. गॅसवर ती चव येत नाही, हे आपल्या प्राध्यापकांनाही मान्य व्हावे.

माझे काही वर्गमित्र म्हणतात, तिकीट लावून शेत दाखवणे म्हणजे शेतकऱ्याच्या गरिबीचा तमाशा मांडणे. मला हे पटत नाही. कापसाचा भाव शेतकरी ठरवत नाही. पाऊस तर नाहीच नाही. तिकिटाचा भाव तरी तो स्वतः ठरवतो. अशी जोड ज्याला मिळेल त्याने ती अवश्य घ्यावी.

माझी तक्रार निराळी आहे. गेल्या हिवाळ्यात रस्त्यालगतच्या एका शेतात शहरातील मंडळी भरीत खायला आली होती. पलीकडे कपाशीची वेचणी चालू होती. थोड्या वेळाने आम्हांला निरोप आला, की बायकांनी जरा दुसऱ्या बांधाकडे सरकावे, फोटोत येताहेत. त्या बायकांत माझी आई होती, आणि रविवार असल्यामुळे मीही होते. वेचणी किलोवर असते. भरलेली ओळ सोडून दुसरीकडे जायचे म्हणजे ओटी हलकी राहायची आणि संध्याकाळी काट्यावर पैसे कमी यायचे. आई काही बोलली नाही. पाहुण्यांना पांढरेशुभ्र कापसाचे शेत मिळाले. त्यात माणूस नव्हते.

तसा तो निरोप पाठवणारा दुष्ट नव्हता. त्याने नंतर आम्हांला भरीत-भाकरीही पाठवली. परंतु शेत सुंदर दिसायचे तर काम करणारा माणूस दृष्टीआड हवा, हे त्याच्या मनात कोणी भरवले? अमेरिकेतील त्या छायाचित्रांतही फळे आहेत, गाडी आहे, हसरी मुले आहेत. तोडणारा दिसत नाही. तिकडेही गंगाफळाची तोडणी बहुतांशी हातानेच होते आणि पुष्कळ ठिकाणी ती मेक्सिकोतून आलेले मजूर करतात. मुलांना शेत दाखवायला नेणारे आईबाप त्यांना निम्मेच शेत दाखवून परत नेतात. ज्या काडीवर वांगे भाजले, तिच्यावरची बोंडे कोणाच्या बोटांनी रिकामी केली, हे त्या मुलाने विचारायचे कोणाला?

आपल्या वर्गाचे वनभोजन यंदा भरिताचे करावे, असे घाटत आहे. माझी सूचना एवढीच, की ते वेचणीच्या दिवशी ठेवावे. सकाळचे दोन तास सर्वांनी, सरांनीसुद्धा, ओटी बांधून ओळ धरावी. आपला कापूस त्या बायकांच्या वजनात घालावा आणि पंगतीला त्यांना आपल्याबरोबर बसवावे. आईला ही कल्पना सांगितली तेव्हा ती हसली. तुमच्यासारखे वेचायला आले तर कापसापेक्षा पालापाचोळाच जास्त भरेल, असे तिचे मत पडले. तेव्हा काट्यावर नेण्याआधी आपला माल निवडायला अर्धा तास जादा धरावा.