वीज गेली की...

किन्हीराजात वीज गेली की घरचे हळहळतात. मी मात्र कानाला हेडफोन लावतो. वीस मीटर तार आणि एक ध्वनिवर्धक, एवढ्या भांडवलावर मी आकाशातली वीज ऐकतो. एरवी विजेच्या तारांची पन्नास आवर्तनांची घरघर सारे गिळते. ती थांबली की तडतड उमटते. रात्री तर शेकडो कोसांवरच्या विजेची लहर, जमीन आणि ऐंशी-नव्वद किलोमीटरवरचा विद्युत्भारित थर यांच्यामध्ये आपटत येते नि चिमणीसारखी चिवचिवते. सेकंदाला दहा हजार आवर्तनांची लहर तीस किलोमीटर लांब! तिच्या तोलाची, पाव लहरीची तार उभी करायची तर साडेसात किलोमीटरचा खांब हवा. आमच्या सौभाग्यवतींची परवानगी वाळवणाच्या दोरीपुरतीच आहे.

जूनमधल्या एका संध्याकाळी तडतड एकदम दाटली. मी खुशीत.

"जवळ आहे की लांब?" हिने विचारले.

ते माझे यंत्र सांगत नाही.

"मग ती तार आधी काढा. भाऊजी अजून शेतात आहेत."

तार काढून धुऱ्याकडे धावलो. धाकटा कडुलिंबाखाली उभा, नेमका उभे राहू नये तिथे! हाताला धरून त्याला घरी आणला. घरातली वीज तेवढ्यात परत आली होती.