वाटेवरचे दोन तालुके

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा वाहतुकीला खुला झाला आणि नागपूरपासून निघालेला ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. कसाऱ्याच्या डोंगरातून पावणेआठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा गेला आहे. जुन्या घाटात रखडणाऱ्या गाड्या आता काही मिनिटांत डोंगर ओलांडतात आणि शहापूर तालुका कापत भिवंडीकडे निघून जातात. आपल्या तालुक्यात या रस्त्यावर चढायची-उतरायची जागा खुटघरला. बाकीच्या गावांना रस्ता दिसतो, रात्रभर ऐकू येतो, पण तो कुंपणाच्या आत आहे.

रस्ता झाला याचे समाधान आहे. रात्री-अपरात्री आजारी माणूस घेऊन नाशिकला किंवा ठाण्याला धावणाऱ्याला त्याची किंमत विचारा. पण सरळांबे गावाचे नाव घेतल्याशिवाय या रस्त्याविषयी बोलू नये, असे आम्हाला वाटते. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्री तिथे पुलाचा गर्डर चढवणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण ठार झाले. त्यांतले बहुतेक परराज्यांतून आलेले. आपल्या पाड्यांवरची माणसे दिवाळी झाली की वीटभट्टीवर जगायला जातात. हीसुद्धा तशीच जगायला आलेली माणसे होती. गाडी कितीही वेगाने जात असली तरी त्या पुलावरून जाताना त्यांची आठवण ठेवावी.

शहापूर आणि मुरबाड हे पहिल्यापासून वाटेवरचे तालुके. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग मुरबाडमधून वर चढे. वैशाखऱ्याच्या वरच्या नाणेघाटात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आजही उभा आहे. पुढे इंग्रजी अमलात आग्रा रोड झाला. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोहोचली. माळशेजचा रस्ता झाला, आता समृद्धी झाला. प्रत्येक वेळी माल आणि माणसे आपल्या अंगणातून गेली. या संपादकीयात आम्ही एवढेच विचारणार आहोत, की जाणाऱ्याने इथे काय ठेवले?

सगळ्यांत मोठा हिशेब पाण्याचा. तानसा धरण १८९२ सालचे. वैतरणेवरचा मोडकसागर १९५७ चा, त्यानंतर भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबई शहराला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे. मलबार हिलचा नळ असो की धारावीचा, त्यातले पाणी शहापूरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे आहे. आणि याच डोंगरात फेब्रुवारी संपता संपता विहिरी आटतात. मार्चमध्ये टँकरची मागणी तहसीलमध्ये जाते. एप्रिल-मे महिन्यांत डोळखांब-कसारा पट्ट्यातल्या बाया रात्री उठून विहिरीच्या तळाशी झिरपणारे पाणी वाटीवाटीने हंड्यात भरतात. पाऊस कमी पडतो म्हणून हे होते असेही नाही. इथे तो अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. पण जमीन काळ्या पाषाणाची, वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पडलेले पाणी मुरत नाही, ओढ्यांनी खाली धावते आणि धरणात साठते. धरण खोऱ्यात, पाडे वरच्या सपाटीवर. धरणातून निघणारी जलवाहिनी बंद नळाची, आणि ती शहराकडे जाते. म्हणजे ज्याच्या शिवारात पाऊस पडला त्याला ते पाणी परत वर चढवून हवे तर वीज लागते, पंप लागतो, आणि त्याआधी मंजुरी लागते.

इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणायची योजना त्यासाठीच आखली गेली. पंप नको, वीजबिल नको, त्यामुळे ग्रामपंचायतीला परवडणारी. कल्पना चांगली आहे. मंजुरी मिळाली, कामही सुरू झाले. पण ते रेंगाळले आहे आणि टँकर चालूच आहेत. डोंगर पोखरून पावणेआठ किलोमीटरचा बोगदा काढता येतो. मग डोंगराखालच्या पाड्यावर नळ का पोहोचत नाही, हा प्रश्न अभियांत्रिकीचा राहत नाही. तो कोणाची निकड आधी मानायची याचा आहे.

२०१९ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाची हद्द वाढवली. त्यात पालघर आले, अलिबाग आले. शहापूर आणि मुरबाड बाहेर राहिले. महानगराला पाणी पाजणारे तालुके महानगराच्या नियोजनाबाहेर आहेत. याचा एक फायदा असा, की आपली भातशेती आणि जंगल बऱ्यापैकी टिकले. तोटा असा, की महानगराच्या गरजांचा आराखडा तयार होतो तेव्हा आपण त्यात मागणी करणारे नसतो, फक्त पुरवठा करणारे असतो. मुरबाडचे काळू धरण हे त्याचे उदाहरण. शहरांच्या पाण्यासाठी आखलेल्या या धरणाचे काम वनखात्याची परवानगी नसतानाच सुरू झाले. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवले. बुडणाऱ्या गावांना विचारले गेले नव्हते, जंगलाचे मोल धरले गेले नव्हते. धरणाची मागणी मात्र संपलेली नाही. कल्याणपासून मीरा रोडपर्यंतची शहरे वाढत आहेत, त्यांना पाणी हवे आहे, आणि त्यांची बोटे नकाशावर पुन्हा मुरबाडकडेच वळतात.

शहरांना तहान लागते हे आम्हाला मान्य आहे. आपलीच मुले तिथे राहतात. पण पाणी घेणाऱ्याने देणेही लागते, हे तत्त्व याच परिसरात एकदा मान्य झाले आहे. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा बुडिताखाली गेलेल्या गावांनी वर्षानुवर्षे लढा दिला. तोंडली, काचकोली, मोहघर ही त्यांतली काही नावे. अखेर बाधित कुटुंबांतल्या तरुणांना औद्योगिक विकास महामंडळात आणि पाणी घेणाऱ्या महापालिकांत नोकऱ्या द्यायचे ठरले, आणि त्या मिळाल्याही. सगळ्यांना मिळाल्या का, वेळेवर मिळाल्या का, यावर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही पाणी पिणारे शहर पाणी सोडणाऱ्या गावाचे ऋणी आहे, हे सरकारी कागदावर आले, याचे महत्त्व मोठे आहे. तेच तत्त्व तानसाला का नाही? भातसाला का नाही? सव्वाशेहून अधिक वर्षे तानसाचे पाणी जात आहे. मुंबई महापालिकेने धरणांभोवतीच्या तालुक्यांसाठी दरवर्षी अर्थसंकल्पात ठरावीक रक्कम काढावी आणि ती पाणी, आरोग्य, शिक्षण एवढ्यावरच खर्च व्हावी, ही मागणी या दिवाळी अंकाच्या वतीने आम्ही करतो.

आता माणसांविषयी. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाख १४ हजारांच्या आसपास होती आणि मुरबाडची १ लाख ९० हजारांच्या. त्याआधीच्या दहा वर्षांत तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी वाढला होता. शहापूर १५ टक्क्यांनी वाढले आणि मुरबाड १२. त्यानंतर २०१४ मध्ये पालघर वेगळे झाले आणि उरलेल्या जिल्ह्यात हे दोन तालुके कडेला पडल्यासारखे झाले. २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे आज आसनगाव-वाशिंदला उभ्या राहिलेल्या इमारती, मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या खोल्या, कल्याण परवडत नाही म्हणून इकडे सरकलेली कुटुंबे, यांतले काहीच आपल्या अधिकृत आकड्यांत नाही. शाळेच्या तुकड्या, आरोग्य केंद्रातल्या खाटा, पाण्याचे माणशी लिटर, सगळे २०११ सालच्या माणसांसाठी मोजले जात आहे.

नवी जनगणना १ मार्च २०२७ हा दिवस धरून होणार आहे. घरांची यादी त्याआधी, २०२६ मध्ये. प्रत्यक्ष माणसे मोजली जातील ती फेब्रुवारीत, आणि इथे आम्हाला काळजी वाटते. फेब्रुवारीत आपले कातकरी पाडे ओस असतात. भात झोडून झाले, दिवाळी झाली, की मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या भट्ट्यांवर जातात. म्हातारी माणसे आणि दाराला लावलेल्या काट्या मागे राहतात. ही कुटुंबे भट्टीवर मोजली जातील, म्हणजे दुसऱ्याच गावाच्या हिशेबात. त्यांच्या पाड्याची लोकसंख्या कागदावर निम्मी दिसेल आणि पुढची दहा वर्षे अंगणवाडी, रस्ता, नळ यांची मागणी केली की उत्तर मिळेल, ‘तिथे राहते कोण?’ कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेली जमात आहे. १५ नोव्हेंबर २०२३ पासून अशा जमातींसाठी जनमन नावाची योजना चालू आहे. योजनेला माणूस सापडायचा तर तो आपल्या गावात नोंदलेला हवा.

भट्टीवर जाणे थांबले तर उत्तमच. पण त्यासाठी इथे काम हवे. मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे, वाशिंदला पोलादाचा कारखाना आहे, आटगाव-आसनगावला लहानमोठे उद्योग आहेत. महामार्गाच्या कडेने भिवंडीची गोदामे इकडे सरकत आहेत. तिथे स्थानिक मुलाला बहुतेक वेळा मिळते ते ठेकेदारामार्फतचे काम, हमालीचे किंवा पहाऱ्याचे. यंत्रावरचे, देखरेखीचे, हिशेबाचे काम बाहेरच्याला जाते, कारण ते शिकलेला मुलगा इथे मिळत नाही म्हणतात. मिळत नसेल तर तो घडवला पाहिजे. समृद्धीच्या कडेला गोदामे होणार हे दहा वर्षांपूर्वीच दिसत होते. मग इथल्या आयटीआयमध्ये माल हाताळणी, शीतगृह, विद्युत वाहनांची दुरुस्ती असे अभ्यासक्रम तेव्हाच का आले नाहीत? शिकलेली मुले पहाटेची कसारा लोकल पकडतात, दोन तास जायला आणि दोन तास यायला. मुरबाडकरांना तेवढीही सोय नाही. कल्याण–मुरबाड रेल्वेच्या घोषणा एका पिढीने ऐकल्या, आता दुसरी ऐकते आहे.

काम म्हणजे केवळ कारखाना, असेही आम्ही मानत नाही. मुरबाडची भेंडी परदेशी जाते. शहापूरच्या भाजीला कल्याणचा बाजार आहे. म्हशाच्या यात्रेत अजूनही बैल विकले जातात, घोंगड्या विकल्या जातात. भातानंतर दुसऱ्या पिकाला पाणी मिळाले तर एक एकरवाला शेतकरी भट्टीची उचल घेणार नाही, हे कितीतरी पाड्यांवर वनराई बंधाऱ्यांनी आणि छोट्या विहिरींनी दाखवून दिले आहे. ही वाट इथे नवी नाही. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारा त्यांचा आझाद दस्ता आपल्याला आठवतो. त्याआधी कोतवालांनी सावकारीतून सुटका व्हावी म्हणून शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या, ते मात्र आपण विसरतो. पेरणीच्या वेळी गावातच धान्य मिळाले तर माणूस कोणाच्या दारी जात नाही, इतका सरळ तो विचार होता. आज धान्याच्या जागी भांडवल आणि पाणी घाला, विचार तसाच लागू पडतो.

आणि जमीन. समृद्धीसाठी थेट खरेदीने पाचपट मोबदला मिळाला. त्यातून काहींची घरे झाली, काहींनी दुसरीकडे जमीन घेतली. पण रस्ता ठरल्यापासून आजूबाजूच्या गावांत दलालांची वर्दळ वाढली ती थांबलेली नाही. वरकस जमीन निरुपयोगी म्हणून स्वस्तात जाते आणि वर्षभरात तिच्यावर ‘निसर्गाच्या सान्निध्यात सेकंड होम’ची पाटी लागते. जमीन विकणारा मालक त्याच कुंपणाच्या फाटकावर राखणदार म्हणून बसलेला आम्ही पाहिला आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय देता येत नाही, ही महसूल संहितेतली तरतूद त्याच्या रक्षणासाठी आहे. ती वळसा घालून टाळायचे मार्ग दाखवणारे पुष्कळ भेटतील. सही करण्यापूर्वी ग्रामसभेत बोला. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. ते वापरले नाहीत तर कागदावरच राहतील.

यंदाच्या अंकात प्लॉटविक्रीची एकही जाहिरात घेतलेली नाही. दिवाळी अंक जाहिरातींवर चालतो आणि आपल्या भागात सर्वाधिक पैसे याच जाहिराती देतात, हे जाणून घेतलेला हा निर्णय आहे. त्यामुळे पाने थोडी कमी झाली, किंमत थोडी वाढली. ज्या दुकानदारांनी, शिक्षकांनी, भातगिरणीवाल्यांनी आणि डॉक्टरांनी छोट्या जाहिराती देऊन हात दिला, त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पाड्यांवरच्या शाळांत शिकवणाऱ्या तरुण मंडळींनी लिहिलेले लेख या अंकाचा गाभा आहेत. ते आधी वाचावेत.

वाचकांना एक विनंती. भट्टीवर जायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद आपल्या ग्रामपंचायतीत करून घ्या. किती माणसे, किती मुले, कुठल्या भट्टीवर, कधी परतणार. ही यादी ग्रामसभेत वाचा, ठरावाला जोडा आणि एक प्रत तहसीलदारांकडे पोच घेऊन द्या. जनगणनेचा आकडा कमी आला तर आपल्याकडे दाखवायला दुसरा कागद असेल. ज्यांना लिहिता येते त्यांनी ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी हे करावे, आणि कामाला या दिवाळीतच लागावे, कारण भाऊबीज झाली की भट्टीच्या गाड्या पाड्यांवर येतात.