डोक्याला मार लागला? मग खेळ थांबवा!

फुटबॉलमध्ये सर्वाधिक दुखापती पायाला होतात. पण मला जास्त काळजी वाटते ती डोक्याच्या दुखापतीची. २०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या क्रिस्टोफ क्रामरच्या चेहऱ्यावर प्रतिस्पर्ध्याचा खांदा आदळला. तरी तो आणखी सुमारे १४ मिनिटे खेळला. ही फायनलच आहे का, असे त्याने पंचांना विचारले, तेव्हा कुठे गांभीर्य कळले! बेशुद्ध न पडताही मेंदूला हादरा बसतो आणि विचारशक्तीच गोंधळते. म्हणून 'मी ठीक आहे' या खेळाडूच्या शब्दावर विसंबू नये. निर्णय डॉक्टरांचाच असावा. तुमच्या मुलाला खेळताना डोक्याला मार लागून गरगरले, उलटी झाली किंवा काही आठवेनासे झाले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. त्या दिवशी पुन्हा मैदानात पाठवू नका.