विश्वचषक न खेळलेला शोटा अर्वेलाद्झे आणि आपली अपुरी मोजपट्टी

१/ विश्वचषक नाही, युरो स्पर्धाही नाही. म्हणून जॉर्जियाचा निवृत्त आघाडीपटू शोटा अर्वेलाद्झे फुटबॉलच्या इतिहासात तळटीपेपुरता उरतो. हा निवाडा मला अन्यायकारक वाटतो. खेळाडूचे मोजमाप करताना त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या राष्ट्राची अवस्थाही पाहिली पाहिजे. मित्रहो, आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ सोव्हिएत काळात तिबिलिसीचा दिनामो हा संघ जॉर्जियन अस्मितेचा मानबिंदू होता. त्याने १९६४ आणि १९७८ साली सोव्हिएत लीग जिंकली. १३ मे १९८१ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे पूर्व जर्मनीच्या कार्ल झाइस येनाला २-१ असे नमवून युरोपचा कप विनर्स कपही पटकावला. तिबिलिसीत जन्मलेला शोटा तेव्हा आठ वर्षांचा होता.

३/ ९ एप्रिल १९८९ रोजी तिबिलिसीत सोव्हिएत सैन्याने निदर्शकांवर हल्ला केला. अनेकांचा बळी गेला. पुढच्याच वर्षी जॉर्जियन क्लब सोव्हिएत लीगमधून बाहेर पडले. स्वातंत्र्याची घोषणा झाली ९ एप्रिल १९९१ रोजी. म्हणजे देशाआधी फुटबॉलने फारकत घेतली! दिनामोने काही काळ ‘इबेरिया’ हे नावही धारण केले.

४/ या निर्णयाची किंमत मोठी होती. मॉस्को आणि कीव्हच्या बलाढ्य संघांऐवजी आता घरच्याच लहान शहरांचे संघ समोर आले. त्यातच १९९१च्या अखेरीस तिबिलिसीच्या रस्त्यांवर गृहयुद्ध पेटले आणि १९९२ मध्ये अबखाझियात युद्ध. शोटाची पिढी अशा काळात वयात आली.

५/ १९९३ साली जुळा भाऊ अर्चिल याच्यासह तो तुर्कस्तानच्या त्राब्झोनस्पोर संघात गेला. ही वाट योगायोगाची नव्हती. १२०४ साली जॉर्जियाची राणी तामार हिच्याच साहाय्याने त्राब्झोनचे ग्रीक साम्राज्य उभे राहिले होते. शीतयुद्धात बंद असलेले सार्पचे सीमाद्वार १९८८ मध्ये उघडले आणि काळ्या समुद्राकाठचे हे शेजारी पुन्हा जोडले गेले.

६/ १९९५-९६ च्या हंगामात शोटाने २५ गोल करून तुर्की लीगमध्ये अग्रस्थान मिळवले. विजेतेपद मात्र फेनरबाचेने नेले. पुढे आयॅक्सकडून १९९८ मध्ये डच लीग आणि चषक, ग्लासगोच्या रेंजर्सकडून २००३ मध्ये स्कॉटलंडची तिन्ही मोठी विजेतेपदे. त्यानंतर अल्कमारचा ए.झेड., स्पेनचा लेवान्ते आणि २००८ मध्ये निवृत्ती.

७/ आणि देशासाठी? ६१ सामने, २६ गोल. निवृत्तीच्या वेळी हा जॉर्जियाचा विक्रम होता. १६ नोव्हेंबर १९९४ रोजी तिबिलिसीत या नवख्या संघाने वेल्सचा ५-० असा धुव्वा उडवला. त्यातील शेवटचा गोल शोटाचा.

८/ आक्षेप रास्त आहे : सोबत किंक्लाद्झे, केत्सबाया आणि पुढे एसी मिलानकडून दोनदा चॅम्पियन्स लीग जिंकणारा कालाद्झे असताना हा संघ एकाही मोठ्या स्पर्धेस पात्र का ठरला नाही? माझे उत्तर असे : गुणवत्ता व्यक्तीत असते, सातत्य संस्थांत असते. मैदाने, प्रशिक्षण, सक्षम लीग हे सारे उभारण्यास शांतता आणि पैसा लागतो. जॉर्जियाजवळ तेव्हा दोन्ही नव्हते.

९/ मात्र शोटाला हुतात्माही करू नये. तो व्यावसायिक खेळाडू होता. चांगले वेतन आणि चांगला खेळ जिथे मिळाला तिथे गेला. त्यात गैर काहीच नाही. पण देश सावरत असताना त्याचे नाव युरोपच्या मैदानांवर ऐकू येत राहिले, हेही तितकेच खरे.

१०/ २६ मार्च २०२४ रोजी तिबिलिसीत ग्रीसला पेनल्टींवर हरवून जॉर्जिया प्रथमच युरो स्पर्धेस पात्र ठरला. तेथे त्याने पोर्तुगालला २-० असे हरवले. त्या वेळी देशाच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष होता शोटाचा जुना सहकारी लेवान कोबियाश्विली.

११/ म्हणून माझे मत : पात्रतेचा तक्ता इतिहासाचा शेवट सांगतो, सुरुवात नव्हे. २०२४ चा पाया ज्यांनी घातला, त्यांची नावे त्या तक्त्यात सापडणार नाहीत. असा कोणता खेळाडू तुम्हांला आठवतो? जरूर लिहा.