सार्वजनिक कलेचे संग्रहालय : आधी नोंदवही, मग इमारत

शासकीय सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या हातून घडलेली एक चूक आजही मला बोचते. उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी नेमणुकीवर होतो. एका बड्या पाहुण्यांचा दौरा ठरला आणि सरकारी सभागृहाच्या रंगरंगोटीचे अंदाजपत्रक माझ्यासमोर आले. भिंतींचे क्षेत्रफळ, डिस्टेंपरचे दोन हात, दर, एकूण रक्कम, सारे नियमानुसार होते. मी सही केली. दौरा पार पडल्यावर एक वृद्ध चित्रकला-शिक्षक मला भेटायला आले. सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी पेरणीपासून मळणीपर्यंतचे भित्तिचित्र रंगवले होते. ते आता डिस्टेंपरखाली गेले होते. ते चित्र मी येता-जाता पाहिलेले होते. अंदाजपत्रकातील चौरस फुटांत तेही आले आहे, हे सही करताना मात्र माझ्या ध्यानात आले नाही. शिक्षकांनी तक्रार केली नाही. ‘आधी कळवले असते, तर निदान एक छायाचित्र काढून ठेवले असते,’ एवढेच ते म्हणाले.

त्या सभागृहातील खुर्च्या, पंखे आणि भिंतीवरचे घड्याळ यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये होती. मोडकी खुर्ची निर्लेखित करायची तरी रीतसर मंजुरी लागे. चित्र मात्र कोणत्याही नोंदवहीत नव्हते, कारण कागदोपत्री ते भिंतीचाच भाग होते. भिंत रंगवायची होती. ती रंगवली गेली.

शहरातील सार्वजनिक कलेला वाहिलेले स्वतंत्र संग्रहालय असावे, ही कल्पना अलीकडे नगरनियोजनाच्या चर्चांत ऐकू येते. कल्पना स्वागतार्ह आहे. परंतु तिचे रूप बहुधा ठरलेले असते : मोक्याचा भूखंड, नामवंत वास्तुविशारद, काचेची दर्शनी बाजू, उद्घाटनाची तारीख. इतिहासाचा विद्यार्थी आणि फायलींवर सह्या केलेला माणूस, या दोन्ही नात्यांनी मला वाटते की हा क्रम उलटा आहे. रस्त्यावरची कला उचलून छपराखाली आणणे हे अशा संग्रहालयाचे पहिले काम नव्हे. जी कलाकृती जिथे उभी आहे तिथेच तिला कोणीतरी जबाबदार धनी मिळवून देणे, हे त्याचे पहिले काम आहे.

धनी नसला की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण राजधानीतच घडले. नवी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी अमरनाथ सहगल या शिल्पकाराकडे १९५७ साली भित्तिशिल्पाचे काम सोपवण्यात आले. सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच असे ते कांस्यशिल्प १९६२ मध्ये भिंतीवर विराजमान झाले. १९७९ मध्ये इमारतीच्या फेरबदलात ते उतरवण्यात आले आणि त्याचे भाग गोदामात गेले. सहगल यांनी १९९२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. निकाल लागला २००५ मध्ये. न्यायालयाने शिल्पाचे अवशेष कलावंताला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याचा आधार होता स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५७, म्हणजे कलाकृती विकल्यानंतरही तिच्या विटंबनेविरुद्ध कलावंताला उरणारा नैतिक अधिकार. हा कायदाही १९५७ चाच. ज्या वर्षी शासनाने शिल्प सांगितले, त्याच वर्षी त्याच्या रक्षणाचा कायदाही केला. दोन्ही गोष्टी एकमेकींना भेटायला ४८ वर्षे लागली.

हा निकाल महत्त्वाचा असला तरी त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. तो मिळवायला कलावंत हयात, नामांकित आणि चिकाटीचा असावा लागला. माझ्या जिल्ह्यातले चित्रकला-शिक्षक कोणत्या न्यायालयात गेले असते? शिवाय, कलम ५७ कलाकृती जागेवर ठेवण्याची हमी देत नाही. प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ ही १९७२ ची वास्तू २०१७ च्या एप्रिलमध्ये पाडली गेली, तेव्हा तिचे वास्तुविशारद राज रेवाल यांनी याच कलमाचा आधार घेतला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो मानला नाही. आपल्या जागेवरची इमारत पाडण्याचा मालकाचा हक्क वरचढ ठरला.

पुरातत्त्वविषयक कायदेही येथे उपयोगी पडत नाहीत. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा, दोन्हींची सर्वसाधारण अट शंभर वर्षांची आहे. स्वतंत्र भारताने आपल्या हौसेने आणि आपल्या पैशाने घडवलेली सार्वजनिक कला त्या वयाला अजून पोचलेलीच नाही. म्हणजे तिचे बालपण आणि तारुण्य निराधार; शंभरीपर्यंत टिकली, तर राज्य तिची दखल घेणार. आणि दखल घेतली म्हणजे रक्षण झाले असेही नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात, प्रत्यक्ष पाहणी केलेल्या १,६५५ संरक्षित स्मारकांपैकी ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. कायद्याचे कवच असलेल्यांची ही गत, तर ज्यांची यादीही नाही त्यांचे काय?

मग सगळे उचलून एका सुरक्षित इमारतीत का ठेवू नये, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर देवीप्रसाद रायचौधुरी यांच्या एका शिल्पात आहे. प्रचंड शिळा हलवण्यासाठी अंगातली सारी ताकद लावणारे श्रमिक दाखवणारे ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर १९५९ पासून उभे आहे. त्याच शिल्पाची एक प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या हिरवळीवर आहे. दोन्ही मी अनेकदा पाहिली. दिल्लीत आपण स्नायूंची रचना आणि समूहाचा तोल पाहतो. ते उत्तम शिल्प आहे. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९२३ मध्ये देशातला पहिला मे दिन साजरा झाला होता. तेथे त्या शिल्पाजवळून कामगार, कोळी, भेळ-सुंडल विकणारी मुले रोज जातात. तिथे ते शिल्प शहराच्या आठवणीचा भाग आहे. रिझर्व्ह बँकेच्या दिल्लीतील इमारतीच्या दाराशी रामकिंकर बैज यांनी घडवलेले यक्ष आणि यक्षी उभे आहेत. संपत्तीचे हे प्राचीन रक्षक अर्थपूर्ण वाटतात, ते बँकेच्या दाराशी उभे असल्यामुळेच. त्यांना दालनात नेले, तर दगड जाईल, अर्थ मागे राहील.

जागेवरून हलवलेल्या पुतळ्यांचा आपला अनुभवही हेच सांगतो. इंडिया गेटजवळच्या छत्रीतून पंचम जॉर्जचा पुतळा १९६८ मध्ये काढला आणि तो पुढे कॉरोनेशन पार्कात गेला. मुंबईतल्या ‘काळ्या घोड्या’ला १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवले; घोडा गेला, परंतु चौकाचे नाव राहिले. वसाहतीच्या राजांचे पुतळे मानाच्या जागेवरून उतरवणे स्वतंत्र राष्ट्राला स्वाभाविक होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी तक्रार एवढीच की, हलवताना आपण पुतळे हलवले, त्यांची गोष्ट हलवली नाही. बुडापेस्टने १९९३ मध्ये साम्यवादी राजवटीच्या उतरवलेल्या पुतळ्यांसाठी स्वतंत्र उद्यान उभारले आणि ते का उभारले होते व का उतरवले, हे पाहणाऱ्याला समजेल अशी मांडणी केली. आपण बहुधा कुंपण घातले.

म्हणून माझ्या कल्पनेतील संग्रहालयाचे चार भाग आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला भाग नोंदवही. शहरातील प्रत्येक भित्तिचित्र, शिल्प, पुतळा, कारंजे यांना क्रमांक. कलावंत, वर्ष, माध्यम, मालक कार्यालय, सद्यःस्थिती आणि छायाचित्रे. ही नोंदवही जनतेला खुली असावी आणि सरकारी स्थावर-जंगम मालमत्तेप्रमाणे तिची दरवर्षी प्रत्यक्ष पडताळणी व्हावी. वित्तीय नियम खुर्चीसाठी जे मागतात, त्याहून अधिक मी कलेसाठी मागत नाही.

दुसरा भाग कार्यशाळा. उघड्यावरच्या कांस्याला नियमित सफाई आणि मेणाचा लेप लागतो. सिमेंटच्या शिल्पात पाणी मुरले की आतली सळई गंजून फुगते आणि शिल्प आतून फुटते. चुन्याच्या गिलाव्यावर ओलीबरोबर क्षार येतात आणि रंग सुटतो. ही कामे येणारी माणसे थोडी आहेत. या कार्यशाळेत सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कनिष्ठ अभियंत्यांना प्रशिक्षण मिळावे, कारण त्या भिंतींचे खरे राखणदार तेच आहेत. कार्यशाळेला काचेची भिंत असावी, म्हणजे डागडुजी हेच प्रदर्शन होईल.

तिसरा भाग निराधारांचे दालन. इमारत पाडली गेली म्हणून किंवा काळ बदलला म्हणून ज्या कलाकृतींना जागा उरली नाही, त्यांच्यासाठीच छप्पर. १४० फुटी कांस्यशिल्प नेहमीच्या दारातून आत येत नाही. तेव्हा उंच दरवाजे, भार पेलणारी जमीन, क्रेन फिरेल असा मोकळा गाळा हवा. जुनी गिरणी किंवा रेल्वेची शेड यासाठी संगमरवरी प्रासादापेक्षा बरी. चौथऱ्याची मूळ उंची आणि प्रकाशाची मूळ दिशा शक्य तितकी राखावी आणि शेजारी मूळ जागेचे छायाचित्र व हलवण्याचा आदेश लावावा.

चौथा भाग म्हणजे शहर स्वतः : नकाशे, पाट्या, शाळांच्या सहली, चालत पाहण्याचे मार्ग. दिल्लीच्या लोधी कॉलनीत सरकारी निवासस्थानांच्या भिंतींवर गेल्या दशकभरात रंगवलेली चित्रे पाहायला लोक मुद्दाम जातात. हा भाग तिथे निम्मा तयार आहे. उन्हापावसातली अशी चित्रे फार काळ टिकत नाहीत, आणि सगळीच टिकवावीत असा आग्रहही नसावा. रंगवतानाच त्यांचे अपेक्षित आयुष्य नोंदवावे आणि ते संपल्यावर भिंत नव्या हाताला द्यावी. नोंद असली की पुसणे हाही निर्णय ठरतो. नोंद नसली की तो केवळ अपघात असतो.

पैशाचा प्रश्न रास्त आहे. फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी राखला. फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये तसाच नियम केला. आपणही सार्वजनिक इमारतींसाठी तो करावा, मात्र त्यातील ठरावीक हिस्सा जुन्या कलाकृतींच्या देखभालीसाठी बांधून ठेवावा. नव्या पुतळ्याला उद्घाटक मिळतो. जुन्याला मेणाचा लेपही मिळत नाही.

मालकाचा हक्क कायम ठेवूनही संरक्षण देता येते. नोंदवहीतील कलाकृती हलवण्यापूर्वी नव्वद दिवसांची जाहीर सूचना आणि संपूर्ण छायाचित्रण बंधनकारक करावे. दिल्लीत शहराच्या सौंदर्यदृष्टीसाठी १९७३ च्या कायद्याने स्थापन झालेला नागरी कला आयोग आहेच. हे काम त्याच्याकडे सोपवता येईल. इतर शहरांत महापालिका ठरावाने सुरुवात करू शकतात.

हे तातडीचे आहे. मध्यवर्ती प्रशासकीय परिसराच्या पुनर्रचनेत शास्त्री भवन, कृषी भवन, उद्योग भवन, निर्माण भवन या इमारती जाणार आहेत, आणि नॉर्थ व साऊथ ब्लॉकमध्ये नवे राष्ट्रीय संग्रहालय येणार आहे. एका बाजूला इतके भव्य संग्रहालय उभारणाऱ्या राज्याने, दुसऱ्या बाजूला पाडायच्या प्रत्येक इमारतीत कोणती कलाकृती आहे याची यादी पहिला हातोडा पडण्यापूर्वी प्रसिद्ध करावी. त्याला ना भूखंड लागतो, ना वास्तुविशारद. दोन माणसे, एक कॅमेरा आणि एक सही पुरे. तशी सही मी एकदा करू शकलो असतो.