मनाचे औषध आणि मनाची भाषा

ज्या द्रव्याचे नाव उच्चारताच पोलीस, तुरुंग आणि वाया गेलेले तारुण्य डोळ्यांपुढे उभे राहते, तेच द्रव्य उद्या मनोरुग्णाच्या उशाशी औषध म्हणून ठेवले जाणार काय, असा प्रश्न आज वैद्यकापुढे उभा आहे. ‘नशा ती नशाच’ असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे आहे. पण सोपे उत्तर खरे असतेच असे नाही.

स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली एलएसडी तयार केले आणि १९४३ साली त्याचा मनावरील परिणाम स्वतः अनुभवला. पुढे कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात हंफ्री ऑस्मंड प्रभृती डॉक्टरांनी मद्यासक्त रुग्णांवर त्याचे प्रयोग केले. परंतु प्रयोगशाळेतील द्रव्य रस्त्यावर आले, त्याचा धुमाकूळ झाला आणि १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ते कडक नियंत्रणाखाली गेले. आपल्याकडेही १९८५ च्या कायद्याने ते निषिद्ध आहे. दुरुपयोगास आळा घालणे योग्यच होते. पण त्याबरोबर संशोधनही कित्येक दशके जवळजवळ गोठले, ही रुग्णांची हानी झाली.

ते आता पुन्हा सुरू झाले आहे. इतर औषधांना दाद न देणाऱ्या विषण्णतेच्या २३३ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०२२ साली प्रसिद्ध झाला. काही अळंबीत आढळणाऱ्या सायलोसायबिनच्या २५ मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने, नाममात्र मात्रा घेणाऱ्यांपेक्षा तीन आठवड्यांत अधिक आराम पडला. मात्र बाराव्या आठवड्यापर्यंत तो थोड्यांचाच टिकला. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना अशा उपचाराची मर्यादित मुभा दिली. उलट अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एमडीएमए या दुसऱ्या द्रव्याचा अर्ज ऑगस्ट २०२४ मध्ये नाकारून आणखी पुरावा मागितला. आमच्या मते भीतीने दार बंद करणे जितके चूक, तितकेच हौसेने ते सताड उघडणेही चूक. कोणी घरच्या घरी असले प्रयोग करू नयेत, हे वेगळे सांगावयास नकोच.

या उपचाराचा एक धडा मात्र आम्हा सीमावासीयांना आजच घेण्यासारखा आहे. गोळी गिळली की काम झाले, असा हा उपचार नव्हे. आधी रुग्णाची तयारी करावी लागते, औषधाचा अंमल असेतो कित्येक तास कोणी जवळ बसावे लागते आणि नंतर मनात उठलेल्या गोष्टी उलगडाव्या लागतात. म्हणजे अर्धे औषध शब्दांत आहे. मग ते शब्द कोणत्या भाषेतले? परक्या भाषेत बाजारहाट करता येतो. गेलेल्या लेकराचे दुःख मायबोलीतच सांगता येते.

ही केवळ भावनेची मागणी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचाराचे फायदे, धोके आणि पर्याय रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितल्यावाचून त्याची संमती ही संमतीच ठरत नाही. तेव्हा बेळगाव, निपाणी, कारवार, भालकी येथील मराठी रुग्णापुढे येणारा संमतीचा कागद मराठीत असावा आणि त्याचे बोलणे समजणारा माणूस दवाखान्यात असावा. हाच न्याय महाराष्ट्रातील कन्नड रुग्णासही मिळाला पाहिजे. नवे औषध येईल तेव्हा येवो. रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी कोणत्याही प्रयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही.