विश्लेषण : घासून चकाचक केलेला चांदीचा रुपया संग्राहक का नाकारतात?

लक्ष्मीपूजनाच्या आधी देव्हाऱ्यातला राणीछाप रुपया बाहेर निघतो. टूथपेस्ट नाहीतर भांड्यांची पावडर लावून घासला जातो आणि ताटात नव्यासारखा चमकू लागतो. पूजेसाठी ते ठीकच. पण हाच रुपया पुढे 'दुर्मिळ नाणं' म्हणून विकायला काढला, तर जाणकार संग्राहक तो दिव्याखाली एकदा फिरवून खाली ठेवतो.

असं का होतं? आधी धातूचा हिशेब पाहू. १९३९ पर्यंतच्या ब्रिटिशकालीन रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. २०२५ मध्ये चांदीने किलोमागे दीड लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या दराने एका रुपयात सुमारे १,६०० रुपयांची चांदी झाली. १९४० पासून चांदीचं प्रमाण ५० टक्क्यांवर आलं, त्यामुळे त्यानंतरच्या रुपयाला जवळपास निम्मेच पैसे. ही झाली मोडीची किंमत. त्यावर संग्राहक जे मोजतो ते दुर्मिळतेसाठी आणि मूळ पृष्ठभागासाठी. घासताना नेमका हा पृष्ठभागच जातो.

चमक वेगळी, झळाळी वेगळी

टांकसाळीत साचा चांदीच्या चकतीवर आदळतो, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो. त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली हळूहळू तिरपं केलं, की या रेषांमुळे प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. पॉलिश केलेलं नाणंही चमकतं, पण स्टीलच्या ताटासारखं. पट्टा फिरत नाही.

दुसरी खूण ओरखड्यांची. व्यवहारात फिरलेल्या नाण्यावर ओरखडे कसेही, वेगवेगळ्या दिशांना असतात. कापडाने किंवा पावडरने घासलेल्या नाण्यावर केसासारख्या बारीक रेषा समांतर, झुपक्याने दिसतात. सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग त्यासाठी पुरे.

तिसरी खूण तर भिंगाशिवायही कळते. राणीच्या मुकुटाची नक्षी झिजून सपाट झाली आहे, पण नाणं मात्र पांढरंशुभ्र आहे. इतकी वर्षं हाताळलेली चांदी अशी राहत नाही. अशा नाण्यावर अक्षरांच्या खोबणीत बहुतेकदा काळा मळ अडकलेला असतो, कारण बोट तिथे पोहोचत नाही.

कारागिरी करून फसवणूक

वरचे प्रकार बहुतेक वेळा अजाणता होतात. काही प्रकार मात्र विकण्यासाठीच केले जातात. फिरत्या तारेच्या ब्रशने नाणं घासलं, की फोटोत खोटी झळाळी येते. भिंगाखाली पाहिलं तर ढकललेला धातू अक्षरांच्या एका बाजूला कडेसारखा साचलेला दिसतो. चेहऱ्यावरच्या चरा लपवायला मेणासारखा पदार्थ चोळतात, तो काही काळाने धुरकट होतो. ॲसिटोनने हा थर निघतो आणि चांदीला काही होत नाही (ॲसिटोन पेट घेतं, त्यामुळे गॅसजवळ नको).

थायोयुरिया आणि आम्ल असलेल्या द्रावणात बुडवलं तर ओरखडे पडत नाहीत, पण काळ्या थराबरोबर चांदीचाही पातळ थर विरघळतो. वारंवार बुडवलेलं नाणं पांढरं, पण निर्जीव दिसतं. मग त्यावर रासायनिक रंग चढवून ते 'जुनं' केलं जातं. हवेतल्या गंधकामुळे येणारा खरा रंग बहुधा कडेपासून आत हळूहळू बदलत जातो. भडक जांभळे-निळे डाग अचानक कुठेही उमटलेले असतील तर शंका घ्यावी.

घासण्यात कधीकधी नाण्याची ओळखच पुसली जाते. १८६२ हे साल असलेले सगळे रुपये १८६२ चे नाहीत. तेच साल १८७४ पर्यंत नाण्यावर कायम राहिलं आणि मुंबईच्या रुपयांवर खरं वर्ष बारीक ठिपक्यांनी दाखवलं गेलं. ठिपके झिजले की वर्ष गेलं. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाचंही तसंच. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, नाणी मागे घेतली गेली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. संग्राहक आज तो हत्तीच शोधतात.

ऑनलाइन घेताना

एका फोटोवर विश्वास ठेवू नका. दिव्याखाली नाणं तिरपं करत काढलेला व्हिडिओ मागा, कडेचाही. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. जुनी नाणी लाखोंना घेतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्या जाहिराती हा वेगळाच सापळा आहे. आपलं नाव वापरून असे प्रकार होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था नाणं तपासून सीलबंद डबीत देतात. साफ केलेल्या नाण्याला त्या नेहमीची श्रेणी न देता 'डिटेल्स' असा शेरा मारतात. पीसीजीएसच्या यादीत ९२ हा आकडा साफसफाईसाठी आणि ९४ हा बदललेल्या पृष्ठभागासाठी आहे. पण तिथे नाणं पाठवण्याआधी एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. १९३८ च्या रुपयाला ही आडकाठी नाही, १९१८ च्या रुपयाला आहे.